आठ तारखेपर्यंतचं

सर्व्हर बसला तेव्हा एक वाजून चाळीस झाले होते.
बॅलार्ड इस्टेटला या वेळी
दगडी इमारतीसुद्धा पाळी सुटल्यासारख्या उभ्या असतात.
गोदीतून एखादा भोंगा येतो, बसक्या घशाचा.
परेराला उठवलं. तो म्हणाला,
‘रोज हिरवी टिक येते ना? मग टाक परत.’

टिक येत होती, खरं आहे.
बॅकअप सुरू झाला, एवढाच तिचा अर्थ.
संपला का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
डिस्क नऊ तारखेला गळ्यापर्यंत भरली,
आणि तेव्हापासून रोज रात्री दोन दहाला
रिकाम्या हंड्यावर झाकण ठेवावं तशी
शून्य केबीची एक फाईल.

शेवटची धड फाईल आठची.
आज एकवीस.
मधले तेरा दिवस. सुतकाइतके.

सर्व्हर मेला तरी दारं चालतात, हे बाहेर कुणाला माहीत नसतं.
प्रत्येक दारावर, छताच्या पोकळीत, एक पेटी असते;
तिला तिच्यापुरतं पाठ असतं
कोण आत, कोण नाही.
म्हणजे त्या रात्री
बेचाळीस दारांना एकवीस तारीख येत होती
आणि मी आठ तारीख घेऊन बसलो होतो
त्यांना शिकवायला.

सर्व्हिस थांबवल्या. रिस्टोर दाबलं.
टक्के चढत गेले, सत्तरला अडले.
चहाला गेलो नाही.
उगाच वाटलं, उठलो तर पडेल.

शंभर.
यादी उघडली, आणि
कार्ड ०४१७, रघुवीर तांडेल, रात्रपाळी, गेट दोन:
चालू.
फोटोत तसाच, डावीकडे बघणारा.
मीच काढलेला. म्हटलं होतं, कॅमेऱ्यात बघ.
म्हणाला, गेटकडे बघायची सवय झालीय.

तांडेल तेराला गेला.
पाळी संपवून शिवडीला पोचला, आणि दात घासताना.
चौदाला मी त्याचं कार्ड बंद केलं.
कारण निवडावं लागतं:
हरवलं, चोरीला गेलं, नोकरी सोडली, इतर.
मी ‘इतर’ निवडलं होतं.

आणि फिरदोस मुकादम कुठेच नव्हती.
सोळाला लागलेली, तिसऱ्या मजल्याची साफसफाई,
पहाटे साडेपाचला येते.
दारं तिला ओळखत होती.
मी डाउनलोड दाबलं की विसरणार होती.

खाली गेलो. गेटवरचं रजिस्टर मागितलं.
लांबडी वही, कोपरे तेलकट;
नवीन कार्ड दिलं की तिथे सही घेतात.
बारापर्यंत तांडेलचं अक्षर,
‘ळ’ला मधेच गाठ मारणारं.
मग एक पान कोरं.
मग नव्या पोराचं, घाईतलं.

वही मांडीवर घेऊन
साडेचारपर्यंत एकोणतीस माणसं बोटांनी परत लिहिली.
फिरदोस पहिली.
मग डाउनलोड.
बेचाळीस पेट्या एकामागून एक
हो म्हणत गेल्या. सदतीस नंबरने दोनदा विचारलं.

साडेपाचला तिसऱ्या मजल्याचं दार टक् वाजलं.
तिने बादली ठेवली, माझ्याकडे पाहिलं.
‘रातभर इथंच?’
‘तुझं कार्ड लागलं ना?’
‘रोजच लागतं की.’

तांडेलचं तेवढं राहू दिलं.
नियमात बसत नाही, परेराला सांगितलेलं नाही.
त्याची पाळी सातला सुटायची.
सात पाचला बंद केलं.
कारण: इतर.

नवी डिस्क आली. आता मी टिक बघत नाही,
फाईलचं वजन बघतो,
आणि दर एक तारखेला जुन्या मशीनवर उघडून पाहतो
सगळे आहेत का.
आठची फाईल नव्वद दिवसांनी पुसायची असते.
बघू.